नाव सांग, बाई

"परत चाल," रियाज म्हणाला. "आजी उंबऱ्याशी थांबतात. तू नुसती ओलांडून येतेस."

मी परत मागं गेले. अंगावर आजीची पांढरी साडी, पायांत तिच्या रबरी चपला, केस मागं घट्ट ओढून बांधलेले. स्वयंपाकघरातून निघाले, उंबऱ्याशी आले, थांबले. आजी थांबायची ती अशी, की पलीकडच्या खोलीत काहीतरी मोठं चाललंय आणि आत पाऊल टाकायच्या आधी ते कानांनी समजून घ्यायला हवं. मान जराशी डावीकडं, हात चौकटीवर. मी तसं केलं.

खरी आजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती.

"ही बाई अवघडलीय," ती रियाजला म्हणाली. "चालीवरनंच कळतंय. कुणी आणलंय हिला?"

"मी आणलंय, आजी."

"तू नवरा?"

"नाही. भाऊ."

"मग भाईर थांब."

रियाज भाऊ नव्हता, माझा कॉलेजातला मित्र होता, पण निमूट उठला आणि खरंच दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मला हसू फुटलं. मी तोंडावर पदर धरून वाकून हसत होते आणि नेमकी त्याच वेळी आई शाळेतून आली.

तिनं आधी दाराबाहेर उभ्या रियाजकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग साडीकडं. पिशवी हळूच खाली ठेवली. आई चिडली की आवाज चढवत नसे. तो उलट खाली जायचा.

"काय चाललंय?"

"तालीम."

"कसली?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण अंगावर आजीची साडी होती. मी म्हणाले, "आजीवर एकांकिका बसवतोय आम्ही. स्पर्धेला."

"आजीवर म्हणजे?"

"तिच्या विसरण्यावर."

आईनं आजीजवळ जाऊन तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. पाठमोरीच बोलली. "हिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरातलं झाकलं, सुवार्ता. कुणाचं काय, कुणाच्या पोटात कुणाचं. एक शब्द बाहेर नाही काढला. आणि तू हिचं उघडं करून तिकिटं लावणार?"

"तिकीट नाहीये, स्पर्धा आहे ती..."

"साडी सोड."

मी साडी सोडली. रियाज बाहेरच्या बाहेर निघून गेला.

माझी आजी, मार्था लोंढे, नर्स होती. मिरजेत मिशनच्या दवाखान्यात शिकली आणि मग उभी हयात तालुक्याच्या पूर्वभागातल्या गावांतून तिनं बाळंतपणं केली. आधी सायकलवर, मग पायाला फोड येईतो चालत, मग कुणाच्याही बैलगाडीतून, मोटारसायकलवरून, ट्रॅक्टरवर उभी राहून. त्या भागात तिला मार्थाबाई कुणी म्हणत नसे. नर्सबाई. आजोबा लवकर गेले. आई तिची एकुलती एक. आम्ही लोक मिरजेत राहायला आलो तेव्हा निवृत्त झालेली आजी आमच्याकडं आली आणि तीन-चार वर्षांत तिचं विसरणं सुरू झालं.

आधी चष्मा, किल्ल्या. मग चर्चमधून घरी यायची वाट. मग शब्द. वाक्य सुरू व्हायचं आणि मधेच तिच्या हातातून सुटायचं, की ती तोंड तसंच उघडं ठेवून त्याची वाट बघत बसायची. पण एक गोष्ट राहिली. घरात जो येईल त्याला ती विचारायची, "कितवा म्हैना?" दूधवाल्याला, चर्चच्या पाळकांना, वीजमीटर बघायला येणाऱ्या माणसाला. रियाज पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला, "सातवा, आजी." आजीनं त्याला जपून चालायला सांगितलं. तेव्हापासून त्यांचं जमलं.

आणि मला ती विचारायची, "नाव काय तुझं?"

रोज. सकाळी चहा घेऊन गेले की ती माझ्याकडं सरळ बघून विचारायची. "अगं आजी, मी! सुवार्ता! तुझी नात!" असं मी म्हणायचे, जरा मोठ्यानं, जरा रागानंच. माझं नाव तिनंच ठेवलेलं. माझ्या वर्गात कुणाचंच नव्हतं तसलं नाव. लहानपणी मला त्याची लाज वाटायची आणि ती म्हणायची, जगात नाव एकच असलं की देवाला हाक मारायला सोपं जातं. ती आता मला विचारत होती, नाव काय तुझं.

तिला माझ्यापासून असं रोज थोडं थोडं कुणी काढून नेतंय आणि मी नुसती बघत बसलेय, हे मला सहन होईना. तेव्हा मी तिला अंगात धरायला लागले. तिचं चालणं, तिचं उशीच्या अभ्र्याची घडी घालणं, मोडणं, परत घालणं. मी तिच्यासारखी बसले की मला वाटायचं, एवढं तरी वाचवलं. त्यातून एकांकिका झाली. बाविसावं वर्ष होतं मला, आणि आपल्याला जे वाटतंय ते जगात पहिल्यांदाच कुणाला तरी वाटतंय अशी खात्री होती.

त्या दिवसानंतर आईनं विषय काढला नाही. मीही नाही. एका रविवारी उपासनेहून परतताना आजी आमच्या दोघींच्या मधे होती, दोघींचे हात धरून. आई एकदम म्हणाली,

"तुझी ती एकांकिका. कर."

मी थांबले.

"पण तिच्या पाठीमागं नाही," आई म्हणाली. "तिच्याबद्दल आहे ना? मग तिच्या तोंडावर कर. मी तिला घेऊन येणार. पुढच्या रांगेत नाही बसणार, पण येणार. तिच्यासमोर करता येत असेल तर कर, नाही तर करू नको."

"आई, ती मधेच उठेल. बोलेल काहीतरी. स्पर्धा आहे ती."

"बोलू दे. तिला आवडलं नाही तर ती सांगेल. तेवढा हक्क आहे तिला."

आजी रस्त्याकडेच्या एका शेळीला कौतुकानं न्याहाळत होती. "गाभण हाय," ती म्हणाली. "जुळी देईल."

रियाजला मी हे सांगितलं. त्याच्या घरी तंबोरे बनायचे. वडील, चुलते, सगळे त्याच कामात. खोटा लागलेला आवाज त्याला लगेच कळायचा आणि तो बोलून दाखवायला कचरत नसे.

"मग शेवट नीट कर," तो म्हणाला. "शेवट खोटा आहे."

"काय खोटं आहे त्यात?"

"तू रडत नाहीस. रडण्याचा आवाज काढतेस."

एकांकिकेत मी एकटीच दिसायचे. बाकीची माणसं म्हणजे विंगेतून येणारा रियाजचा आवाज. शेवटच्या प्रसंगात म्हातारी एकेकाला हाका मारते. आवाज एक एक करून बंद होत जातात. मग ती खाली बसते आणि विचारते, मी कोण? आतून सगळं निसटतंय हे कसं दाखवायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी दोन्ही हातांनी पोट धरून पुढं वाकायचे आणि कण्हायचे. आम्ही तो प्रसंग पुन्हा पुन्हा केला. डोळे कोरडेच. घरी आजीनं नाव विचारलं की डोळे भरून यायचे, आणि तालमीत तेच वाक्य म्हणताना काही म्हणजे काही व्हायचं नाही. रियाजनं शेवटी नाद सोडला. "दिवे लवकर घालवू," तो म्हणाला. "अंधारात चालून जाईल."

स्पर्धा सांगलीला होती, रविवारी सकाळी. आमचा क्रम दुसरा. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, नाट्यगृह जवळजवळ भरलेलं. कॉलेजची पोरं, त्यांचे आईबाप, हौशी म्हातारेकोतारे, मधल्या रांगेत टेबल टाकून बसलेले परीक्षक. मागून चौथ्या-पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर आजी. आईनं तिला इस्त्रीची साडी नेसवली होती. आजी खुर्चीच्या हातांवर हात ठेवून ताठ बसली होती, मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसावं तशी.

पडदा उघडला. मी स्वयंपाकघरातून निघाले, उंबऱ्याशी आले, थांबले.

सुरुवातीला लोक हसले. हसावं असंच होतं ते. म्हातारी दूधवाल्याला महिने विचारते, मीटरवाल्याला पथ्य सांगते. मग त्या हसण्यातून एक ओळखीचं हसू मला वेगळं ऐकू आलं. आजी हसत होती. मोकळी, दात नसलेल्या तोंडानं. आणि मग तिचा आवाज, अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असा:

"ही म्हातारी येडी हाय गं, विमल!"

विमल म्हणजे माझी आई. सगळे परत हसले. मी पाठमोरी होते, बरं झालं. मला वाटलं, झालं, आवडलं तिला. मी पुढं सरकले. घड्या घातल्या, मोडल्या. चर्चमधून निघून रस्ता चुकले. हाका मारल्या. रियाजचे आवाज एक एक करून बंद झाले. नाट्यगृह शांत झालं.

मी खाली बसले. "मी कोण?" म्हणाले. पोट धरून पुढं वाकले आणि कण्हले.

दिवे जायला हवे होते. गेले नाहीत. रियाजनं मला नंतर सांगितलं, त्याचा हात बटणावर होता. पण समोर कुणीतरी उभं राहिलेलं त्याला दिसलं आणि हात तिथंच राहिला.

"सरका," आजीचा आवाज आला. "सरका जरा. वाट द्या."

मी खाली मान घातलेलीच ठेवली. आता आई तिला बसवेल, असं मला वाटलं. पावलं ऐकू येत होती, रबरी चपलांची. ती जवळ जवळ येत होती. आजीला खाटेवरनं उठवायला घरी दोघी लागायच्या. ती रंगमंचाच्या कडेच्या पायऱ्यांपाशी आली, चपला काढल्या आणि एकेक पायरी चढली. कुणाचा हात न धरता.

मी मान वर केली. ती माझ्यासमोर उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत मोकळे. तिचे डोळे गेली दोन वर्षं धुक्यातून बघत असायचे. ते आता माझ्यावर होते. नुसते माझ्यावर नाही, माझ्या श्वासावर, पोटावर, गुडघ्यांवर, सगळ्यावर एकाच वेळी.

"पाणी ठिवा," ती विंगेकडं न बघता म्हणाली. "गरम."

मग ती खाली माझ्याजवळ बसली आणि तिनं तळहात माझ्या पाठीवर टेकला. कमरेच्या वरच्या खळग्यात. तो हात म्हातारीचा नव्हता. त्यात जोर होता, उष्णता होती आणि घाई अजिबात नव्हती. समोर भरलेलं नाट्यगृह होतं, दिवे होते, परीक्षक होते. तिला ते काही नव्हतंच. तिच्यासाठी त्या जागी आम्ही दोघीच होतो.

"नाव सांग, बाई," ती म्हणाली.

घरी रोज म्हणायचे ते सगळं, अगं आजी, मी, तुझी नात, ते सगळं तोंडाशी येऊन थांबलं.

"सुवार्ता," मी म्हणाले.

"चांगलं नाव हाय. कुणी ठिवलं?"

"आजीनं."

"शाणी असणार." तिनं तळहातानं पाठ दाबली, हळूहळू, खालून वर. "पहिलटकरीण व्हय?"

"हो."

"भ्या वाटतंय?"

आणि मग मला रडू आलं. तालमीत इतके दिवस न आलेलं, ते आलं. पोटातून, पाठीतून, तिच्या हाताखालून आलं. मी तोंड दाबायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"दाबू नको. मोठ्यानं. हितं लाजायचं न्हाई. कोण काय म्हणंल ते मी बघते." मग आवाज बारीक करून, माझ्या कानाशी: "भ्या सगळ्यांनाच वाटतं. मलाबी वाटतं, दर टायमाला. पण हे आपल्याच्यानं होतंय बघ. बाईच्यानं होतंय. श्वास घे. आता सोड. घाई न्हाई आपल्याला."

घरी तिचं एक वाक्य पुरं होत नसे. इथं एकेक शब्द जिथल्या तिथं येत होता. मी तिच्या सांगण्याप्रमाणे श्वास घेतला, सोडला. मी नाटक करत नव्हते. मी काय करत होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती सांगेल तेव्हा जोर देत होते, थांब म्हणेल तेव्हा थांबत होते. मधेच तिनं डोळे मिटले आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "प्रभू, हिचा एक हात तू धर. एक मी धरते." आणि तिनं माझा डावा हात धरला.

केव्हातरी रियाज विंगेतून आला. त्याच्या हातात मेकअपच्या खोलीतली प्लास्टिकची बादली होती. तिच्यात पाणी होतं. त्यातून वाफ येत होती. चहावाल्याकडून आणलं असावं त्यानं. बादली आजीजवळ ठेवून तो म्हणाला, "आजी, पाणी."

"भाऊ का तू?"

"हो."

"भाईर थांब."

तो मागं सरकला.

आजी माझ्यासमोर गुडघ्यांवर आली. "आता," ती म्हणाली. "आता आलं बघ. आता." तिचे दोन्ही हात पुढं झाले, पसरले, आणि त्यांनी काहीतरी घेतलं.

मी एवढंच सांगू शकते की तिच्या हातांना वजन आलं. मनगटं खाली गेली आणि सावरली. तिनं ते उलटं धरलं, पाठीवर चापटी मारली, आणि थांबली. ऐकत. मान जराशी डावीकडं.

काहीच आवाज नव्हता. अख्ख्या नाट्यगृहात काहीच आवाज नव्हता. एवढी माणसं श्वास रोखून बसलेली मी त्यानंतर कधी बघितली नाहीत, आणि माझा सगळा जन्म नाट्यगृहांत गेला. आजीच्या कपाळावर आठी आली. तिनं परत चापटी मारली. ऐकलं. परत.

मग तिचा चेहरा उलगडला. ओठ थरथरले, डोळे भरून आले, आणि ती त्या तिच्या हातातल्याकडं बघून म्हणाली, "आली, आली. रडली बया. रड, रड."

समोरच्या काळोखात कुणीतरी जोरात श्वास सोडला. मग सगळ्यांनी.

तिनं बादलीतल्या पाण्यात हात घालून ते धुतलं, पदराच्या टोकानं पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. "मुलगी हाय. धर. मान सांभाळ."

मी हात पुढं केले. तिनं ठेवलं. मी मान सांभाळली.

"ह्या नावाच्या बाईला मुलगीच होणार," ती म्हणाली. माझ्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. मग तिनं गुडघ्यांवर हात टेकले, उठून उभी राहिली आणि पहिल्यांदाच समोर बघितलं. रांगाच्या रांगा माणसं बघून तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही. बाळंतपणाच्या घराबाहेर माणसं जमलेलीच असतात.

"झालं," ती त्यांना म्हणाली. "दोघी ठीक हायत. चला आता घरला. गर्दी नको."

क्षणभर कुणी हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतला एक टोपीवाला म्हातारा उठला, हात जोडले आणि दाराकडं चालायला लागला. त्याच्या मागून एक बाई. मग एक रांग. मग सगळेच. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी बोललं नाही. घरात कुणी झोपलेलं असताना चालावं तशी माणसं चालत होती, पावलं न वाजवता. कॉलेजची पोरंसुद्धा. मधल्या टेबलाजवळचे परीक्षक उठले, त्यांच्यातल्या एकानं खुर्ची उचलून सरकवली, वाजू नये म्हणून. थोड्या वेळात ते एवढं मोठं नाट्यगृह रिकामं झालं. शेवटी आई तेवढी राहिली. ती सावकाश पुढं आली, पायऱ्यांपाशी वाकली आणि तिनं आजीच्या चपला हातात घेतल्या.

नियमाप्रमाणे आम्ही बाद झालो. नोंद नसलेली व्यक्ती रंगमंचावर आली होती, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. परीक्षकांपैकी एक बाई मेकअपच्या खोलीत आल्या. काहीतरी बोलायचं ठरवून आल्या असाव्यात, पण नुसत्याच उभ्या राहिल्या, मग आजीच्या पाया पडल्या.

"कितवा म्हैना?" आजीनं विचारलं.

"झालं, आजी," त्या म्हणाल्या. "दोघंही मोठी झालीत आता."

आजी परत तिच्या धुक्यात गेली होती. चहाचा कप धरायला दिला तर काय करायचं ते तिला कळेना. आईनं तिला घोट घोट पाजला.

मी पुढं नाटकातच राहिले. लिहिली, बसवली, शिकवलीही. ती एकांकिका मात्र परत केली नाही. रियाजनं एकदोनदा विचारलं, मग तोही विचारायचा थांबला. तिचा शेवट मी लिहिलेला नव्हता, आणि मला लिहिता येणारही नव्हता.

त्या दुपारी आम्ही रिक्षानं मिरजेला परत निघालो. आजी आमच्या दोघींच्या मधे. तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलेलं, डोळे मिटलेले. विश्रामबाग मागं पडलं. माझे हात अजून जड होते.

"मी धरलं होतं तिला," आई म्हणाली. "ती उठली तेव्हा मी मनगट धरलं तिचं. मग सोडलं."

"का?"

"तिनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. कामाच्या मधे आलं की बघायची ना, तशी. लहानपणी मी लई वेळा बघितलंय ते." आई बाहेर बघत होती. "मग तू पोट धरून बसलेली मला दिसलीस. मला वाटलं, मी कोण अडवणारी."

मी धीर केला आणि म्हणाले, "तिनं मला नाव विचारलं, आई. एवढं सगळं आठवलं तिला. हात कुठं ठेवायचा, काय म्हणायचं. आणि मला नाव विचारलं."

आई माझ्याकडं वळली. मला वाटलं होतं ती समजूत काढेल. तिच्या चेहऱ्यावर समजूत नव्हती. नवल होतं.

"अगं, ती सगळ्यांना विचारायची," आई म्हणाली. "प्रत्येक बाईला. आत गेली की पहिलं तेच. त्या काळी बायकांना नावानं कोण विचारत होतं? ह्याची बायको, त्याची सून. कळा देणाऱ्या बाईला तर कुणीच नाही. ही आधी नाव विचारायची, मग हात लावायची."

"ओळखीच्या बायकांना पण?"

"मला विचारलं होतं."

मला कळलं नाही.

"तुझ्या वेळी," आई म्हणाली. "तू हिच्या हातांवर झालीस. मी माहेरी आले होते, पाऊस लागला, गाडी मिळेना. हिनं दार लावून घेतलं, पदर खोचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, नाव सांग, बाई. पोटच्या पोरीला! मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, आई, तुला वेड लागलंय का? तर काय म्हणाली माहितीय? हितं मी तुझी आई न्हाई आणि तू माझी पोर न्हाईस. हितं तू एकटी हाईस. तुझं तुलाच करायचंय. सांग, कोण हाईस तू."

"मग?"

"मग काय. सांगितलं." आईचा आवाज अगदी खाली गेला होता. पण चिडून नव्हे. "आणि तिनं ते ऐकलं, सुवार्ता. नीट ऐकलं. तोवर माझं नाव तसं कुणी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही."

रिक्षा खड्ड्यातून गेली आणि आम्ही तिघीही हिंदकळलो. माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं गेलं. आजीनं डोळे उघडले, इकडं तिकडं पाहिलं, पळती झाडं, आई, मी. मग ती पुढं वाकली आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर तिनं बोटानं टकटक केलं.

"हळू घे रे लेकरा," ती म्हणाली. "मागं ओली बाळंतीण हाय."

त्यानं आरशातून मागं बघितलं, आणि गाडी हळू केली.